दामूअण्णांची तपासणी

दामूअण्णा एसटीच्या मार्ग तपासणी पथकातून निवृत्त झाले. तपासायला तिकिटं उरली नाहीत, म्हणून आता ते शिक्षणसंस्था तपासतात. सांगलीतल्या आमच्या कॉलनीत निकालाचे पेढे घेऊन आलेल्या पोराला ते विचारतात, "पुढं काय?" पोरगं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणतात, "थांब. आधी बघून येऊ."

'कशाला स्कोप आहे?' हा प्रश्न त्यांच्या दप्तरी नाही. डी.एड.ला स्कोप होता तेव्हा गल्लोगल्ली निघालेली कॉलेजं आणि भरती थांबल्यावर त्यांना लागलेली कुलपं त्यांनी पाहिलीत. त्यांचा प्रश्न सरळ असतो : जो शिकवतो म्हणतो, तो शिकवतो का?

काखेतल्या फाइलीत यूजीसीची बोगस विद्यापीठांची यादी छापून ठेवलेली. डिप्लोमा म्हटलं की एआयसीटीईची मान्यता आणि एमएसबीटीईची संलग्नता दाखवा. आयटीआय म्हटलं की ट्रेड एनसीव्हीटीचा की एससीव्हीटीचा ते सांगा. झेरॉक्स चालत नाही.

एका क्लासच्या एसी केबिनमध्ये काउन्सेलर मॅडम गोड हसून म्हणाल्या, "काका, आमचं शंभर टक्के प्लेसमेंट आहे."

"नावं आणि नंबर द्या. मी फोन करतो."

"तो डेटा कॉन्फिडेन्शियल असतो."

"मग पोरांचे फोटो फ्लेक्सवर कशाला टांगलेत?"

त्याच क्लासच्या अर्जातल्या बारीक अक्षरांतून त्यांनी शोधून काढलं, की 'फी सुलभ हप्त्यांत' म्हणजे पोराच्या बापाच्या नावावर कर्ज. आणि एकाच टॉपर मुलीचा फोटो दोन वेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर सापडला, त्या दिवशी एका तिकिटावर दोघं प्रवास करताना पकडल्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पण अण्णा खरे रंगतात ते वर्कशॉपमध्ये. लेथजवळ जाऊन ते आधी खाली वाकतात. कीस पडलेला नाही आणि चकवर कारखान्यातून लागून आलेलं ग्रीस तसंच आहे, म्हणजे लेथ पाहुण्यांना दाखवायला आहे. वेल्डिंगच्या टेबलाखाली जळक्या रॉडची थोटकं शोधतात. थोटकं नसतील तर इथली पोरं वहीत वेल्डिंग करतात, हा शेरा. शेवटची साक्ष समोरच्या चहावाल्याची.

"प्रॅक्टिकलच्या वेळेला पोरं कुठं असतात?"

"इथंच की!"

फाइल बंद.

या पद्धतीत खोट काढायला जागा नाही. अडचण एवढीच, की प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांना तारखा असतात, दामूअण्णांच्या फेऱ्यांना नसतात. त्यांचा अहवाल येईतो जागा भरलेल्या असतात. शिंद्यांच्या पोरीनं कुणाला न विचारता ऑप्शन फॉर्म भरला, आयटीआयला इलेक्ट्रिशियन पहिल्याच पसंतीला लागलं आणि तिनं दुसऱ्या दिवशी प्रवेश घेऊन टाकला. अण्णा आठवडाभर तिच्या बापाशी बोलले नाहीत. "न बघता चढली," एवढंच म्हणाले.

त्यांचा स्वतःचा नातू ओंकार दहावी होऊन फाइल धरायला त्यांच्याबरोबर हिंडत होता. सगळीकडे काही ना काही निघालं. कुठं शिक्षक कागदावर, कुठं मशीन कागदावर. वर्ष गेलं. कुपवाड एमआयडीसीच्या वाटेवर मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान आहे. एकदा अण्णा चौकशीत गुंतलेले असताना ओंकार त्या दुकानात शिरला आणि तिथंच रुळला. महिन्याभरानं अण्णांना पत्ता लागला. फाइल घेऊन हजर!

मिस्त्रींनी तीन एचपीची मोटर पुढं ठेवली. "वाइंडिंग ह्यानं भरलंय. बघा." ओंकारनं स्टार्टर दाबला. अण्णांनी मोटरवर तळहात ठेवून थरथर पाहिली, गरम होते का पाहिलं, आवाजाला कान दिला. मग पेन काढलं.

"मान्यता कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

अण्णांनी ते लिहून घेतलं. "प्रमाणपत्र?"

"ते नाही बघा."

अण्णांनी लाल रेघ मारली. "आणि मधेच सोडलं तर फी किती परत देणार?"

"कसली फी? दर शनिवारी मीच त्याला पैसे देतो."

अण्णांचं पेन थांबलं. शिकवून वर पैसे देणारी संस्था त्यांच्या तपासणीत आजवर आली नव्हती. "ओंकार, यात काहीतरी गोम आहे," असं म्हणत ते फाइल काखेत मारून समोरच्या चहाच्या टपरीकडे चौकशीला निघाले.