नाडी सुटलेली नसते

पुण्यात तळजाई टेकडीच्या चढावर पहाटे एक गृहस्थ खाली वाकून बुटाची नाडी बांधत असतात. नाडी सुटलेली नसते, दम सुटलेला असतो. नवा धावपटू ओळखायची ही पहिली खूण.

वय चाळिशीच्या आसपास. धावायचं मनात येण्याचं कारण रक्ततपासणीचा रिपोर्ट, नाहीतर मेव्हण्याने गळ्यात पदक घालून टाकलेला फोटो. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये जातो, फोटो मात्र झोपू देत नाही.

पहिल्या दिवशी तो धावत नाही, खरेदी करतो. शूज, ‘ड्रायफिट’ टी-शर्ट, काळजाचे ठोके मोजणारं घड्याळ. (यातले शूज खरंच लागतात.) मग कुणीतरी त्याला नऊ आठवड्यांचा तक्ता पाठवतं. घरात लोळणाऱ्या माणसाला पाच किलोमीटर पळवण्यासाठी जॉश क्लार्क या अमेरिकन गृहस्थाने १९९६ मध्ये तो आखला. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनदाच. आपल्या धावपटूला हा अपमान वाटतो. शाळेच्या खो-खो संघातला माणूस तो, साठ सेकंद काय धावायचं? म्हणून तो थेट टेकडीला भिडतो.

तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकू लागते. छातीचा भाता काही आठवड्यांत सरावतो, हाडं आणि स्नायुबंध मात्र महिनोन् महिने घेतात. आणि नेमका दम पुरू लागला की हा अंतर वाढवतो. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हा नवशिक्यांसाठी साधा नियम. याला जेमतेम ‘हो’ म्हणता येतं, तेही मानेने.

रविवारी तीन किलोमीटर धावून मंडळी मिसळीला बसतात. किलोमीटरमागे साधारण आपल्या वजनाच्या आकड्याइतक्या कॅलरी जळतात. म्हणजे ऐंशी किलोच्या देहाने अडीचशेही जाळलेल्या नसतात. तर्री, दोन जादा पाव आणि वर जिलबी. हिशेब घड्याळालाही विचारू नये.

जानेवारीत तो मुंबई मॅरेथॉनला जाऊन येतो आणि सोसायटीभर सांगतो, ‘‘मॅरेथॉन केली.’’ मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. याने केलेली ‘ड्रीम रन’ सहाएक किलोमीटरची, त्यातही निम्मा वेळ सेल्फीत गेलेला. पण घरी आईने पदक देवापुढे ठेवलेलं असतं. तिला अंतर कोण सांगणार?

फेब्रुवारी संपता संपता बहुतेकांचे गजर बंद होतात. टिकतो तो एखादाच, आणि त्याच्या टिकण्यात निश्चयाचा वाटा थोडा. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका पावणेसहाला फाटकाशी उभे असतात. पायात जुने कॅनव्हासचे बूट, घड्याळ नाही. ते प्रेरणादायी काही बोलत नाहीत. पाच मिनिटं उशीर झाला तर खालूनच हाक मारतात, ‘‘काय हो, उठलात का?’’ आधी समोरच्या इमारतीत दिवे लागतात, मग याच्या घरात. बायको पांघरुणातून म्हणते, ‘‘अहो, जा बाई एकदाचे!’’

महागड्या घड्याळाला हे जमलेलं नाही. तेव्हा धावायचं मनात असेल तर शूजच्या दुकानात जाण्याआधी असा एक काका गाठा. आवाज खणखणीत आहे ना, तेवढं पाहून घ्या.