बाइंडिंगचे दोन गुण

भाचीला गणितात जादा दहा गुण मिळवायचे होते, म्हणून आम्ही दोघं झेरॉक्सच्या दुकानात गेलो. या वाक्यात तुम्हाला काही खटकलं नसेल, तर तुमच्याही घरात कुणीतरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

सूचना ग्रुपवर आली होती. एम-वनमध्ये ज्यांना कमी गुण पडले त्यांच्यासाठी, आणि ज्यांना पडले नाहीत त्यांच्यासाठीही, एक प्रकल्प. विषय ‘दैनंदिन जीवनातील गणित’. पानं चाळीस, पाठपोट चालणार नाही. गुणविभागणी अशी: मुखपृष्ठ २, ऋणनिर्देश १, अनुक्रमणिका १, वेळेत सादरीकरण ३, स्पायरल बाइंडिंग २, आशय १. बेरीज मी दोनदा करून पाहिली. दहाच येते. गणित विभागाला बेरीज येत नाही असं उद्या कुणी म्हणायला नको.

दुकानात गर्दी होती. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘कुठले सर?’

भाचीने सांगितलं.

‘म्हणजे निळा पुठ्ठा. काळा चालत नाही त्यांना, गेल्या वर्षी बाराजणांच्या फायली परत आल्या. पुढे ट्रान्सपरंट लावतो. आतलं आणलंय की देऊ?’

आतलं! या एका शब्दात त्या माणसाने उच्च शिक्षणाचा निकाल लावला. त्याच्याकडे ‘आतलं’ तयार होतं. मॅट्रिक्सचा एक सेट, आंशिक अवकलनाचा एक, शंखशिंपल्याच्या रंगीत चित्रासह सुवर्ण गुणोत्तराचा एक. फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. चाळीस पानांचे ऐंशी रुपये, रंगीत मुखपृष्ठाचे वीस, बाइंडिंगचे चाळीस. एकूण एकशे चाळीस, म्हणजे गुणाला चौदा रुपये पडले. ट्यूशनच्या मानाने स्वस्त.

इथवर मी गप्प होतो. पण त्याने ती प्लास्टिकची तार काढली, भोकांतून गरागरा फिरवत नेली, दोन्ही टोकं कात्रीने उडवली आणि ‘घ्या तुमचं स्पायरल’ म्हणाला, तेव्हा माझ्यातला जुना बीएस्सी जागा झाला.

कारण ते स्पायरल नाही. स्पायरल म्हणजे चकली. तळणीत सोडली की सपाट पसरते, मध्यापासून निघते आणि प्रत्येक वेढ्याला केंद्रापासून लांब जाते. डासांची कॉइल हेही स्पायरल. फायलीच्या पाठीतली तार मात्र एकाच घेराने फिरते आणि फिरता फिरता पुढे सरकते. तिला हेलिक्स म्हणतात, आपल्या भाषेत मळसूत्र, जे कुठल्याही स्क्रूवर दिसतं. दिवाळीत आमच्या आईने चकलीऐवजी मळसूत्र तळलं असतं तर झाऱ्याला धरता आलं नसतं, इतका हा फरक स्वयंपाकघरातला आहे, दैनंदिन जीवनातला आहे! आणि ‘दैनंदिन जीवनातील गणित’ या विषयाच्या एकशे ऐंशी फायली एकशे ऐंशी मळसूत्रांनी बांधून गणिताच्याच विभागात जातात, तिथे त्या मळसूत्राला स्पायरल म्हणून दोन गुण मिळतात, आणि कुणाचं बोट त्या तारेवर जरा वेळ थांबत नाही. मी हे सगळं दुकानात उभं राहून, बहुधा मोठ्याने, बोललो. मागच्या पोराने ‘काका, रांग पुढे सरकू द्या’ म्हटलं. भाची म्हणाली, ‘मामा, प्लीज. इथे नको.’

पण पोरगी हुशार आहे. घरी आल्यावर तिनेच विचारलं, ‘ही तार सरळ केली तर केवढी भरेल?’ तिने पट्टी घेतली. वेढे मोजले, सेहेचाळीस. वेढ्याचा व्यास आठ मिलिमीटर. दोन वेढ्यांतलं अंतर सव्वासहा. मग एक वेढा कागदावर उलगडून काढला: पाया म्हणजे वर्तुळाचा परीघ, उंची म्हणजे ते सव्वासहा, आणि तार म्हणजे कर्ण. पायथागोरस! शाळेतलं प्रमेय. एक वेढा पंचवीस पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर, गुणिले सेहेचाळीस. उत्तर एक मीटर एकोणीस सेंटिमीटर. मग शिवणाचा दोरा तारेच्या कडेने वेढ्या-वेढ्यातून फिरवून मोजला. बोटभर फरक पडला, तोही दोरा सैल राहिल्यामुळे. दुकानाच्या बिलाच्या पाठीवर, सात ओळींत. एवढ्यात तिचं गणित झालं होतं.

ते बिल ती दुसऱ्या दिवशी सरांकडे घेऊन गेली. एक्केचाळिसावं पान म्हणून जोडू का, म्हणाली. सर म्हणाले, ‘छान आहे. पण चाळीसच ठेव.’

सरांवर मी चिडलो नाही. सर तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. एकशे ऐंशी गुणिले चाळीस, म्हणजे सात हजार दोनशे पानं वाचण्याचे एक दमडीही नाही. उद्या त्यांनी खरंच वाचायला घेतलं तर सुट्टी संपेल, पण पगार सुरू होणार नाही, कारण सुट्टीत तासिका नसतात. अशा माणसाने पुठ्ठ्याचा रंग तपासायचा नाही तर काय तपासायचं? निळा रंग लांबून दिसतो. चीड येते ती वेगळ्याची. वर्षानुवर्षं कायमची जागा भरायची नाही, वर्गात साठाच्या जागी एकशे ऐंशी पोरं कोंबायची, त्यांना मर्यादा-सातत्य कळलं नाही म्हणून निकाल पडला की तो वर उचलायला पुठ्ठा आणि तार लावायची, आणि वरून त्याला ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हणायचं! पोराला गणित येत नसेल तर त्याला गणित शिकवा हो. त्याच्याकडून ऋणनिर्देश कसले लिहून घेता? कशाबद्दल आभार?

निकाल लागला. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशीजणांना दहापैकी नऊ. सगळ्यांना दहा दिले तर तपासणीत प्रश्न येतो म्हणे. आता सगळ्यांच्या गुणांत सारखेच नऊ मिळवले की सरासरी नऊने वर जाते, प्रमाण विचलन होतं तिथेच राहतं आणि नंबर एकाचाही बदलत नाही, हे संख्याशास्त्राच्या सुरुवातीच्या धड्यांत असतं. कापला गेलेला एक गुण कशाचा, हे कुणी सांगितलं नाही. आशयाला एकच गुण होता, एवढं मला आठवतं.

सत्र संपल्यावर फायली परत मिळाल्या. आमची रद्दीत गेली. रद्दीवाल्याने ती उचलली, निळा पुठ्ठा फाडून बाजूला टाकला, तार ओढून काढली आणि म्हणाला, ‘हे वजनात धरत नाही, फक्त पानं.’ मुखपृष्ठाला शून्य, बाइंडिंगला शून्य, वेळेत सादरीकरणाला शून्य. आतलं तेवढं तपासणारा हा या प्रकल्पाचा पहिला परीक्षक. मी मुद्दाम वेगळं वजन करायला लावलं.

आशय पावणेदोनशे ग्रॅम भरला.