‘व’चा माग

रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांना राजकारणात भाग घ्यायला बंदी होती. त्याच काळात, 1926 मध्ये, बॅरिस्टर सावरकरांचं एक इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झालं. लेखक कोण, तर ‘चित्रगुप्त’! 1987च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत खुलासा झाला, की चित्रगुप्त म्हणजे खुद्द सावरकरच. साऱ्या जगाचा हिशेब ठेवणाऱ्याचा स्वतःचा हिशेब लागायला एकसष्ट वर्षं गेली.

“इंग्रजीत लिहिलंनी म्हणून निभावलं,” हे मांडवीच्या जेटीवर रोज संध्याकाळी बसणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचं मत. “मराठीत ‘तारीख’ टाळून त्यांचा लाडका ‘दिनांक’ आला असता नि पहिल्याच पानावर सापडले असते!” पण ठसठशीत शब्द चेलेही उचलतात, हे मास्तर जाणून आहेत. त्यांची भिस्त बारक्या शब्दांवर.

त्याला आधारही आहे. अमेरिकेतल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी बारांचा वाद होता: हॅमिल्टनचे की मॅडिसनचे? मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये भारदस्त शब्द बाजूला ठेवून ‘अपॉन’सारखी चिल्लर मोजली. हॅमिल्टन तो हजार शब्दांत साधारण तीनदा वापरी, मॅडिसन क्वचित. निकाल मॅडिसनकडे गेला.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’मधून वाद पेटला: ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एक की दोन? दोन्हींची भाषा एका हातची नाही, हा त्यातला एक मुद्दा. तो वाद घालणारे शिवराम एकनाथ भारदे स्वतः मात्र ‘भारद्वाज’ या नावाआड बसले होते.

असाच एक निनावी अर्ज मास्तरांच्या सोसायटीत फलकावर लागला. पंप बंद, कार्यकारिणी झोपलेली, सही ‘एक त्रस्त सभासद’. मास्तरांनी पाण्याचं दुःख वाचलंच नाही. चार ओळींत पाच ‘सदर’, सगळीकडे ‘व’, ‘आणि’ एकदाही नाही. “कचेरीत जन्म काढलेला दिसतो हा,” ते जिन्यातच मोठ्यानं म्हणाले.

आठवड्यानं दुसरा अर्ज लागला. ‘सदर’ गायब, ‘व’ही गायब. संगणकावर एका फटक्यात सगळे ‘व’ पुसून ‘आणि’ घातलेले. त्यामुळे सभासदांनी ‘आणिर्गणी’ वेळेवर भरावी की नाही, असा सवाल होता, आणि पंपाकडे ‘सेआणिक’ फिरकत नसल्याची तक्रार होती. मास्तरांना चष्माही लावावा लागला नाही. पेन्शन घेऊन संगणकाचा क्लास लावणारे सभासद इमारतीत एकच होते.