टर्बो निवू द्या

मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं, असं भटजींनी माइकवरून तिसऱ्यांदा पुकारलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले होते. ताशेवाल्यांनी काड्या उगारून ठेवल्या होत्या. वऱ्हाडी मंडळींच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट झाल्या. मामांचा पत्ता नाही. शेवटी एक पोरगं मंगल कार्यालयाच्या फाटकाकडे पळालं, तर मामा आपल्या लाल, बुटक्या गाडीत काचा वर करून, समोर नजर लावून बसलेले. इंजिन चालू.

"मामाजी, काहून बसले इथं? मुहूर्त चालला न!"

मामांनी काच चार बोटं खाली केली. "एक मिनिट. टर्बो निवू दे."

मेहकरात या गृहस्थांना आता सगळे टर्बोभाऊच म्हणतात. असा एक जण तुमच्याही गावात असणार. लहानशी गाडी, तिच्या पाठीवर तीन इंग्रजी अक्षरं, आणि त्या अक्षरांचा अर्थ कोणीतरी विचारावा म्हणून आतुर झालेला मालक. चुकूनही विचारू नका. सुरुवात १९०५ पासून होते. त्या साली आल्फ्रेड ब्यूची नावाच्या स्विस इंजिनिअरने टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. तिथून निघून, भाऊंची पोलो जिथे बनली त्या चाकणच्या कारखान्यापर्यंत यायला टर्बोभाऊंना मेहकर ते सुलतानपूर एवढा रस्ता लागतो. रस्ता संपला तरी उतरता येत नाही, कारण तेव्हा टर्बो निवायचा असतो.

भाऊंचं कृषी सेवा केंद्र आहे. खताला आलेल्या शेतकऱ्याला ते युरियाच्या आधी टर्बो समजावतात. इंजिनातून फुकट बाहेर जाणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि जोर वाढतो. "मोरीचं पाणी केळीला सोडावं न, तसं," असं ते म्हणतात, आणि खरं सांगायचं तर कोणत्याही पुस्तकात मी याहून सोपं वाचलेलं नाही. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं, लाल होईस्तोवर तापतं. जोरात पळवून आणून इंजिन एकदम बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो, आणि दांड्याभोवती अडकलेलं तेल जळून काजळी धरते. म्हणून गाडी थांबल्यावर इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं. शास्त्र बरोबर आहे. अडचण एवढीच, की भाऊंचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेवढ्यात टर्बो तापत तर नाहीच, त्याला आपण निघालो हेही कळत नसेल. तरी दुकानासमोर रोज सकाळी इंजिन चालू, भाऊ आत, आणि बाहेर फवारणीचं औषध न्यायला आलेली माणसं ताटकळत उभी.

पेट्रोल पंपावर इंजिन बंद करावंच लागतं. त्यावर भाऊंनी तोड काढली. पंपाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, टर्बो निववायचा, मग हळूच पंपात शिरायचं. शारंगधर बालाजीच्या आरतीला ते वेळेवर पोचतात, आत येतात तीर्थाच्या वेळी. एका मयतीला तर दाराशी गाडीतच इतका वेळ बसून राहिले, की घरच्यांना वाटलं, माणूस आतल्या आत रडतोय. दोघे जण त्यांना धरून आणायला गेले. भाऊही धरवून घेत आले. काय सांगणार?

त्यांचा पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तो दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "काका, आता बऱ्याच टर्बोंत पाणी फिरतं. गाडी बंद केली तरी विजेचा पंप ते थोडा वेळ फिरवत राहतो. बसायची गरज नाही."

"पंप!" भाऊ म्हणाले. "बुलढाणा जिल्ह्यात जन्मून तू विजेच्या पंपावर भरवसा ठेवतोस?"

पोरगा गप्प झाला. त्याच्याही वडिलांची शेती आहे.

एरवी बाजू उलटी असते. लोक विचारतात आणि भाऊ गप्प होतात. आमच्याकडे गाडीला तीनच प्रश्न असतात. कितीले पडली? अ‍ॅव्हरेज काय देते? माणसं किती बसतात? भाऊ पहिल्याचं उत्तर खाकरून देतात, दुसऱ्याला "चालवण्यावर आहे" म्हणतात आणि तिसरा ऐकू आला नाही असं दाखवतात. त्यावर समोरचा हमखास बोलतो, "एवढ्यात तर बोलेरो आली असती न भाऊ." हे वाक्य त्यांना इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं आहे, की समोरच्याने नुसतं "एवढ्यात" म्हटलं तरी ते चपला घालायला लागतात.

खरं तर लहान इंजिनाचा हा खटाटोप आपल्या करानेच वाढवला. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची सवलत आली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. त्या मापात राहून जोर हवा, तर हवाच कोंबावी लागणार. भाऊंच्या पोलोचं इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ताकद ११० पीएस. हे आकडे ते हरिपाठासारखे नाही, हरिपाठाऐवजी म्हणतात.

समृद्धी महामार्ग मेहकरवरून जातो, इथे चढ-उताराची सोयही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, भाऊंचे दिवस आले. भाऊ एकदा गेले आणि तोंड पाडून परत आले. "१२० ची मर्यादा, आणि रस्ता सरळ. सरळ रस्त्यावर काय, कोणीही पळतं." त्यांचा जीव लोणारच्या रस्त्यावर रमतो. पुढे सोयाबीनची पोती लादलेली ट्रॉली, समोरून एसटी येऊन गेलेली, मग मोकळा पट्टा. ते गिअर खाली टाकतात, काटा दोन हजारावर जातो, क्षणभर काहीच घडत नाही, भाऊ माझ्याकडे बघून "आता" म्हणतात, आणि पाठ सीटला चिकटते. ट्रॉली मागे पडते. लगेच ते वेग उतरवतात, शिस्तीत डावीकडे येतात. आणि हसतात. पन्नाशी ओलांडलेल्या, उधारीच्या वहीत बुडालेल्या माणसाच्या तोंडावर असं हसू मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता नाइलाजाने त्यांच्या बाजूने बोलावं लागतंय. आमच्या गावात गाडी दुसऱ्यांसाठी घेतात. वरातीत पुढे लावायला, सोयरिकीच्या वेळी दारात दिसायला, काचेवर पद आणि पक्ष चिकटवायला. जितकी मोठी आणि पांढरी, तितका माणूस मोठा. या गृहस्थाने पैसे घातले ते बाहेरून कोणालाच न दिसणाऱ्या गोष्टीवर. उभी असताना त्यांची गाडी चारचौघींत उठून दिसत नाही. तिची मजा स्टिअरिंगमागच्या एकाच माणसाला कळते. म्हणून तर ते इतकं बोलतात. आपल्याकडे स्वतःच्या आनंदासाठी खर्च केला की त्याचा खुलासा द्यावा लागतो, आणि भाऊ तो १९०५ पासून देत आले आहेत.

शिवाय त्यांची जमात संपत चालली आहे. हे ते सांगतात तेव्हा आवाज उतरतो. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली, तीन वर्षांत गेली. टाटांची टियागो जेटीपी गेली. ह्युंदाईची नियॉस टर्बो गेली. बारा वर्षं चाकणला बनलेली पोलो २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये टाटांनी १२० पीएसची अल्ट्रोझ रेसर आणली, तेव्हा भाऊंनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण विकत घेणाऱ्यांच्या नजरा उंच गाड्यांवर आहेत. लहान गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ती बातमी भाऊंनी कापून दुकानात लावली. गिऱ्हाइकांनी विचारलं, "खताचा भाव उतरला का?"

भाऊंच्या मुलीची सोयरीक जुळत आली आहे. घरात एकच सूर आहे, लाल गाडी काढा, पाहुण्यांपुढे शोभत नाही. म्हणून मंडळी उंच गाडी बघायला गेली. त्याच चाकणच्या कारखान्यातली. भाऊंनी बॉनेट उघडायला लावलं. आत तेच एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. ताकद ओळखीची, वजन क्विंटलभर जास्त. ते बराच वेळ आत वाकून बघत राहिले. सेल्समनला वाटलं, साहेब खूश आहेत.

"येताना हे एक शब्द बोलले नाहीत, सर," वहिनी मला सांगत होत्या. "म्या म्हटलं, शुगर वाढली का काय."

निर्णय आता सोयाबीनवर येऊन थांबला आहे. हंगामाची उधारी वसूल झाली तर मोठी गाडी, नाही तर लाल आहेच. दुकानातला पोऱ्या मात्र सांगत होता, की यंदा भाऊ उधारी मागायला कोणाच्याच दारात गेलेले नाहीत.