उलटं इंजिन

पुण्याहून मनमाडकडं रेल्वेनं जाणाऱ्या प्रत्येकाला दौंडनं एकदा तरी घाबरवलेलं आहे. गाडी थांबते, पुढचं इंजिन सुटतं, मागं जाऊन लागतं आणि गाडी उलटी निघते. नुकताच डोळा लागलेला माणूस दचकून उठतो आणि शेजाऱ्याला हलवतो, ‘‘अहो, आपण परत पुण्याला चाललो!’’ आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर जातात, त्यामुळे ही करमणूक कमी झाली. आमच्या घरात मात्र अजून कॉर्ड लाइन पडलेली नाही. कुठलाही बेत दौंडपर्यंत सुरळीत येतो आणि मग त्याला इंजिन उलटं लागतं.

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. 2022 च्या जानेवारीत रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं आणि हे निवृत्त झाले 2021 च्या डिसेंबरात. एका महिन्यानं मॅनेजरपद हुकलं, याचा सल अजून आहे. गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यातला माणूस. दौंड ते सोलापूर आणि दौंड ते मनमाड हा सगळा मुलूख यांनी पाठमोरा पाहिला आहे. कुर्डुवाडी कशी आहे हो, असं विचारलं तर म्हणतात, ‘‘लहान होत जाते.’’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. यंदा मला भिशी लागली, साठ हजारांची. ती घेऊन मी माहेरी शिरूरला गेले. म्हणजे पैसे दौंडलाच ठेवले, पण बातमी घेऊन गेले. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे यांच्या लेखी ते गाव अजून वसायचंच आहे. चौफुला, न्हावरे करत एसटीनं जायचं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी एकटीच जाते. यांना 65 पूर्ण होईपर्यंत तिकीटही पूर्ण, आणि ‘तोवर सासरे काही कुठं जात नाहीत’ असं यांचं म्हणणं.

माझा भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. कंपनीनं त्याला मालदीवला नेऊन आणल्यापासून तो घोडनदीच्या पुलावरूनसुद्धा काळा चष्मा लावून जातो. भिशीचं ऐकल्यावर म्हणाला, ‘‘आत्या, तू आणि मामा एखादं ट्रॉपिकल आयलंड करून या. दोघंच.’’

‘दोघंच’ या शब्दावर माझी वहिनी हसत हसत आत गेली. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही दोघंच असे जेजुरीला गेलो होतो आणि सोबत अकरा माणसं होती.

घरी येऊन मी विषय काढला. हे पंख्याखाली बसून लिमलेटची गोळी चघळत होते.

‘‘ट्रॉपिकल म्हणजे काय?’’

भूगोल शिकवून हयात गेल्यामुळे मला राहवलं नाही. म्हटलं, उष्ण कटिबंध. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंशांपर्यंत.

‘‘आणि दौंड किती अंशावर?’’

‘‘साडेअठरा.’’ बोलले आणि जीभ चावली.

‘‘म्हणजे आपण ट्रॉपिकलमध्येच आहोत,’’ गोळी दुसऱ्या गालात गेली, ‘‘फक्त आयलंडचा खर्च राहिला.’’

ते आयलंडही यांच्याकडं तयार होतं. उजनी. धरण भरलं 1980 साली, त्यात भीमाकाठची गावं गेली आणि पळसदेवचं जुनं देऊळही गेलं. उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी आली की ते देऊळ पाण्यातून डोकं वर काढतं. ‘‘होडीनं जायचं, देऊळ बघायचं, पाणी चारी बाजूंना. बेट म्हणजे आणखी काय असतं? शिवाय भिगवणला रेल्वे स्टेशन आहे.’’ गावाला रेल्वे स्टेशन असणं हा यांच्या मते त्या गावाच्या संस्कृतीचा पुरावा.

उजनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मागं एकदा हिवाळ्यात कुंभारगावला आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो होतो. पहाटेचं धुकं, होडीच्या काठावर गार पडलेली बोटं आणि समोर पाण्यात उभी गुलाबी रांग. होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. इतकी शांतता की पक्षी चिखलातून चोच फिरवतात तो चुळचुळ आवाजही येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात कानाशी हलकेच आवाज आला, ‘‘अठ्ठावन्न.’’ यांनी पक्षी मोजले होते. अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी असते म्हणे, बरोब्बर. रांग उडाली तेव्हा हे उभे राहिले आणि शेवटचा पक्षी जाईपर्यंत हात वर करून होते. होडीवाला म्हणाला, ‘‘साहेब, खाली बसा, होडी हलती.’’ नंतर भिगवणला चिलापीचं ताट जेवलो, तेव्हा यांनी तो हात खाली घेतला.

पण मला खारं पाणी हवं होतं. मग मालदीवची चौकशी झाली. भारतीयांना तिथं पोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो, हे ऐकून यांचे कान टवकारले. भाच्यानं मोबाइलवर पाण्यात खांब रोवून बांधलेल्या खोल्या दाखवल्या. एका रात्रीच्या भाड्यात माझी भिशी गळ्यापर्यंत बुडत होती. ‘‘आमच्याकडं पाणी घरात आलं की सरकार पैसे देतं,’’ हे म्हणाले, ‘‘इथं आपणच द्यायचे?’’ लक्षद्वीपचंही पाहिलं. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान तिथल्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसल्यापासून आमच्या भिशीतल्या निम्म्या जणींना तिथं जायचं होतं. पण छत्तीस बेटांपैकी वस्ती दहांवर आणि जायला परवाना. एकीनं अर्जाची यादी पाहिली आणि गोव्याला जाऊन आली.

राहिलं अंदमान. आमच्या सासूबाई शहाऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. ‘‘काळ्या पाण्यावर?’’ त्यांनी तपकिरीची डबी खाली ठेवली. ‘‘काय केलं यानं?’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘आणि तू कशाला जातीस? तू माहेरी जा.’’

मराठी माणसासाठी अंदमान म्हणजे निम्मी सहल आणि निम्मी तीर्थयात्रा. सावरकरांना 1911 च्या जुलैमध्ये तिथं उतरवलं, मद्रासहून ‘महाराजा’ नावाच्या बोटीनं. सेल्युलर जेलच्या सात पाखांपैकी आता तीन उरल्यात. त्या कोठडीपुढं उभं राहायचं हे माझ्या मनात शाळेत असल्यापासून होतं. यांच्या मनात मात्र माझ्या बोलण्यातला एकच शब्द घुसला: मद्रासहून.

‘‘म्हणजे मद्रासपर्यंत पास चालेल.’’

निवृत्त रेल्वेवाल्याच्या घरात पास म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. वर्षाला पासाचे ठरावीक संच मिळतात आणि ते वाया गेले तर घरात सुतक असतं. एका डिसेंबरात पास संपत आला म्हणून आम्ही वाडीला जाऊन, फलाटावर चहा पिऊन परत आलो होतो. तर दौंडहून चेन्नई, फुकट. रात्र आणि वर थोडा दिवस. सोलापूरला ब्रेक जर्नी करून नणंदेकडं एक मुक्काम, तोही फुकट. आणि चेन्नईपासून पुढं जहाज.

जहाज ही यांच्या आयुष्यातली, निवृत्तीनंतरची, पहिली खरी आवड. सुमारे बाराशे किलोमीटर समुद्र, पन्नास-साठ तास. यांनी कागदावर भागाकार केला आणि मोहरून म्हणाले, ‘‘ताशी वीस! अगं, ही तर मालगाडी.’’ त्यात केबिन असते, आणि सगळ्यात स्वस्त बंक. बंक म्हणजे एका मोठ्या दालनात एकावर एक पलंग. ‘‘रनिंग रूमच की,’’ हे म्हणाले आणि बंक पक्का झाला. नानकौरी, स्वराज द्वीप अशी जहाजांची नावं यांना पाठ झाली. स्वराज द्वीप हे बेटाचंही नाव आहे, हॅवलॉकचं ते नाव 2018 मध्ये झालं. आणि स्वराज द्वीप जहाज काही स्वराज द्वीपला जात नाही, ते जातं पोर्ट ब्लेअरला, आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. मी हे वहीत बाणांनी काढून दाखवलं. हे म्हणाले, ‘‘मी गेल्यावर सगळ्यांची नावं बदलतात.’’

इथपर्यंत दौंड आलं होतं. आता इंजिन.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला खिडकीवर फॉर्म देणारा माणूस म्हणजे आमचे हे. यांनी मला विचारलं, जहाज कुठल्या तारखेला? मी म्हटलं, अजून जाहीर नाही. हे म्हणाले, जाहीर नाही म्हणजे? टाइमटेबल बघ. मी म्हटलं, टाइमटेबल नसतं. महिन्यातून तीन-चार फेऱ्या असतात, तारखा जवळ आल्या की कळतात आणि त्याही पुढं-मागं होतात.

हे बराच वेळ गप्प होते. ज्या माणसानं चौतीस वर्षं ‘दौंड सुटली 14.07’ अशा नोंदी केल्या, त्याला ‘साधारण दुसऱ्या आठवड्यात’ सुटणारं वाहन ही नैतिक घसरण वाटली. ‘‘कॅप्टनला विचारणारं कोणी आहे की नाही?’’

पण माघार घेतील तर गार्ड कसले. ‘‘आपण ठरलेल्या तारखेला चेन्नईला जायचं आणि आउटरला थांबायचं. सिग्नल मिळाला की आत.’’

‘‘आउटर म्हणजे लॉज. त्याचं भाडं?’’

‘‘चार दिवस.’’

‘‘आणि परत येताना?’’ जहाज तिकडं दोन ते चार दिवस उभं राहतं आणि फिरतं. म्हणजे त्याच जहाजानं परतायचं तर जेल बघून हॅवलॉकला हात लावून पळायचं, आणि ते सुटलं तर पुढच्याची वाट बघत बेटावर आठ-दहा दिवस.

तेव्हा मी वहीचं मागचं पान उघडलं, मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं ‘विमान’, उजवीकडं ‘फुकट’. लॉज, बंक, बंकातलं जेवण, उलटीच्या गोळ्या, वाट बघण्याच्या दिवसांचं बेटावरचं भाडं, नणंदेसाठी साडी, कारण रिकाम्या हातानं फुकट मुक्काम होत नाही. बेरीज दोनदा तपासली. ‘फुकट’चा रकाना ‘विमान’पेक्षा 3,400 रुपयांनी जड निघाला. मी वही यांच्यापुढं सरकवली. यांनी चष्मा लावून प्रत्येक हातचा तपासला. साडीवर बोट ठेवलं, ‘‘ही कमी कर.’’ कमी केली. तरी जड.

भाच्याला फोन करून मी तिकिटं काढली. पुण्याहून चेन्नई आणि चेन्नईहून पुढं. बातमी शिरूरहून आली असं दाखवलं, कारण दौंडमध्ये घेतलेला निर्णय उलटतो. शिवाय पास तसाच राहिला याचं दुखवट्याचं वातावरण दोन दिवस होतं. नंतर प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न सामानाचा. यांनी लोखंडी ट्रंक काढली होती, गार्डाच्या लाइन बॉक्ससारखी. मी सांगितलं, माणशी पंधरा किलो, आणि ट्रंकच सात किलोची आहे. दुसरा प्रश्न चटणीचा. विमानात सुकं खोबरं चालत नाही. ते आपोआप पेट घेणाऱ्या मालात धरतात. हे ऐकून सासूबाईंनी फळीवरच्या खोबऱ्याच्या डब्याकडं अशी नजर टाकली, की आजवर आपण कशाशेजारी झोपलो! मग शेंगदाण्याची चटणी ठरली, ज्वारीच्या कडक भाकरी ठरल्या. नारळाच्या बेटावर खोबऱ्याशिवाय जाणारं आमचं पहिलंच घर असेल.

तिसरा प्रश्न माझ्या चुकीनं निघाला. मी बोलून गेले, की तिकडं घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापेक्षा अठरा रेखांश पूर्वेला. त्यामुळं डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. हे उठून बसले. ‘‘पाचला अंधार? आणि खोलीचं भाडं चोवीस तासांचं?’’ भाच्याला फोन करून ‘उजेडाच्या हिशेबानं काही कमी होतं का’ हे विचारायला लावलं. भाच्यानं विचारलं की नाही माहीत नाही, पण त्याचा मोबाइल दोन दिवस लागत नव्हता. आणि किनाऱ्यावरचा शंख-शिंपला किंवा पोवळ्याचा तुकडा उचलून आणायलाही बंदी आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही. भिशीतल्या अकरा जणींना काय द्यायचं याचं यांचं उत्तर तेच होतं.

काल रात्री सगळं आवरून दिवा घालवला. अंधारात बराच वेळ पंख्याची करकर ऐकू येत होती. मग आवाज आला.

‘‘अगं, सीट कुठली आहे?’’

‘‘शेवटची रांग. पुढच्या निवडायला जादा पैसे होते.’’

‘‘शेवटची?’’ पलंग हलला. हे कोपरावर उठले असावेत. ‘‘अगदी शेवटची? आपल्या मागं कोणी नाही?’’

‘‘कोणी नाही.’’

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, झोपले. मी कूस बदलली.

‘‘मागं खिडकी असते का गं?’’