तुलनावाले अण्णा

अण्णांना एकट्या गोष्टीचं कौतुक करताच येत नाही. हापूस वाखाणला की पायरीचा उद्धार ठरलेला. धाकट्या जावयाला शाबासकी मिळाली की थोरल्याने काय ते समजून घ्यावं. कोकणात अशा एका तरी अण्णांशिवाय वाडी पुरी होत नाही.

परवा भर पावसात त्यांच्या पडवीतल्या दिव्यावर ॲटलास पतंग आला. वीतभर रुंद, तांबूस पंख, त्यांत पारदर्शक तिकोनी खिडक्या आणि टोकांना सापाच्या तोंडाची नक्षी. त्याच सकाळी लाल तोंडाच्या माकडांनी शहाळी पाडून नासली होती. अण्णांना जोडी आयतीच मिळाली.

"बघा हा साधू! याला तोंड आहे ते नावापुरतं. पतंग झाल्यापासून घास नाही की घोट नाही. नाहीतर ती माकडं! पोट भरलं तरी मेल्यांचं भागत नाही, गालात पिशव्या आहेत त्यांना. आधी कोंबायचं, मग झाडावर बसून सावकाश चावायचं. काळ्या तोंडाच्या वानराला निदान तसल्या पिशव्या तरी नाहीत. तो कौलं फोडतो, ते सोडा."

बोलता बोलता अण्णांचा हात तळलेल्या गऱ्यांच्या ताटलीत जाऊन येत होता. डावा गाल टम्म फुगला की वाक्य अर्ध्यावर थांबे, ऐवज उजवीकडे सरके आणि प्रवचन पुढे चालू होई.

दापोलीला शेतकी शिकणाऱ्या नातवाला राहवलं नाही. "आजोबा, याने अळी असतानाच खाऊन ठेवलंय सगळं. दालचिनी, पेरू, मिळेल तो पाला ओरबाडते ती. त्या साठलेल्या चरबीवर हा आठ-पंधरा दिवस काढतो."

अण्णांनी गरा गिळला. "म्हणजे पेन्शनर! आयुष्यभर राबला, आता शिलकीवर जगतोय. माकडाला आहे का पेन्शन?"

"राबला कुठे? नुसतं खाल्लं."

"मग सरकारी नोकरीत होता म्हण."

अण्णा स्वतः महसूल खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे यावर कुणी काही बोललं नाही. निकाल पतंगाच्या बाजूने कायम झाला. मग अण्णांनी रिकामी ताटली नातवाच्या हातात दिली आणि म्हणाले, "शेजारचा पोरगा बघ. बारावीला दोनदा बसला, पण मोठ्यांना उलट बोलत नाही."