रोहिणीचा पारा

आमच्या गल्लीत सकाळी फिरायला निघालेली मंडळी एकमेकांना ‘कसं काय?’ विचारत नाहीत, ‘बीपी किती?’ विचारतात. एक काका तर नावाच्या आधी सांगतात, ‘मला बीपी आहे.’ नसतं, तर काका, तुम्ही फिरायला आलाच नसता, असं ओठांवर येतं. पण थोरामोठ्यांशी असं बोलू नये.

हा बीपी ज्यांच्यातून वाहतो, त्या रक्तवाहिन्या, रोहिणी आणि नीला, शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा भेटल्या, तेव्हाच त्या मला एका घरातल्या दोन जावा वाटल्या होत्या. रोहिणी थोरली. हृदयाने मिनिटाला सत्तरेक वेळा दिलेला धक्का आधी तीच झेलते, म्हणून अंगाने जाड आणि लवचीक. धक्का आला की फुगते, ओसरला की आवळते. बीपीतला धक्क्याचा आकडा 120, उसंतीचा 80 च्या आसपास.

नीला धाकटी, पातळ अंगाची. घरभर फिरून दमलेलं रक्त परत आणायचं, तेही पायापासून वर चढावर, हे काम तिचं. म्हणून तिने जागोजागी एकाच बाजूला उघडणारी दारं बसवून घेतलीत आणि ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू हाताशी धरलेत. अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त कधीही पाहा, तिच्याच पदरात असतं.

दोघींमधली वाट केशवाहिन्यांची. नाव केसाचं, जाडी केसाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची. तांबड्या पेशी तिथून अंग चोरून एकामागे एक जातात. रक्त फिरून परत येतं, हे विल्यम हार्वे या डॉक्टरने 1628 मध्ये सांगितलं. पण ही वाट त्याला दिसली नाही. 1661 मध्ये माल्पिघी या शास्त्रज्ञाला ती बेडकाच्या फुफ्फुसात दिसली, तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

रक्ताचा दाब मोजायची हौस मात्र एका घोडीला महागात पडली. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने तिच्या रोहिणीत नळी घातली, तर रक्त काचेच्या नळीत आठ फुटांवर चढलं. हे त्याने 1733 मध्ये छापलं. आपलं नशीब, की 1896 मध्ये इटलीतल्या रिव्हा-रोच्चीने दंडाला पट्टा गुंडाळून पाऱ्यावर दाब मोजला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे आठ फुटांचं काम टेबलावर मावलं. तेव्हापासून माणसाचा पारा चढतो तो खराखुरा.

पण मोजतात ती रोहिणीच. चिडली तरी ती बहुधा बोलून दाखवत नाही, म्हणून मोजावंच लागतं. नीलाचा दाब इतका थोडा, की दंडाला पट्टा बांधून तिला कुणी विचारत नाही. घरोघरी हेच, निमूट वाहणारीची आठवण पाय सुजल्यावर होते.

तेव्हा बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकवा आणि जेवताना वरून मीठ घेऊ नका. हे रोहिणीसाठी. मग उठा आणि थोडं चालून या. ते नीलासाठी.